एकच रंगपट्टी

ठाण्यावरची माणसं त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ फिरली की फूटपट्टी. हे नाव मेकॅनिकने ठेवलं होतं. साहेबांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. ज्या माणसाने तेवीस वर्षं एका बेटावर पोवळी मोजण्यात घालवली, त्याला लोकांनी दुसरं काय म्हणायचं?

बेट वीस मिनिटांत चालून संपणारं. त्यावर पत्र्याची तीन घरं, एक जनरेटर, दोन होड्या आणि पाच माणसं. भोवतालचा राखीव समुद्र मात्र एवढा मोठा, की होडीने एक चक्कर मारायची तर दोन दिवस मोडायचे. तिथे मासेमारी बंद, नांगर टाकणं बंद. रसदेची बोट तीन महिन्यांतून एकदा यायची आणि समुद्र खवळलेला असला की तेही नाही. हा समुद्र राखायचा आणि त्याच्या तळाशी वाढणारी पोवळी कशी आहेत हे दर महिन्याला लिहून पाठवायचं, ही साहेबांची नोकरी.

पोवळी कशी आहेत हे रंगावरून कळतं. धडधाकट पोवळं गडद तपकिरी असतं. पाणी तापलं की फिकट पडतं आणि फारच तापलं की हाडासारखं पांढरं. म्हणून पाण्याखाली जाताना प्लास्टिकची एक रंगपट्टी न्यायची. तिच्यावर सहा चौकोन छापलेले, फिकटपासून गडदपर्यंत. पट्टी पोवळ्याशेजारी धरायची आणि ज्या चौकोनाशी रंग जुळेल तो आकडा पाटीवर पेन्सिलीने उतरवायचा. सहा म्हणजे ठणठणीत, एक म्हणजे गेल्यात जमा.

मुख्य कार्यालयातून दर वर्षी नवी पट्टी यायची. सोबत छापील सूचना असायची की जुनी बदला. साहेब ती सूचना वाचायचे, नवी पट्टी पाकिटासकट लोखंडी कपाटात ठेवायचे आणि जुनीच वापरायचे. आळसाने नव्हे. त्यांचं म्हणणं असं, की मोजायचं साधनच दर वर्षी बदललं, तर फरक पोवळ्यात पडला की साधनात, हे कसं कळणार? पट्टी जाड प्लास्टिकची, छपाई आतल्या थरात, तिला काय धाड भरलीय? प्रत्येक डुबकीनंतर ते ती गोड्या पाण्याने धुवायचे, मऊ फडक्याने पुसायचे. घरातल्या चांदीच्या वस्तूलाही बायकोने एवढं जपलं नसेल.

एकदा मेकॅनिक त्यांच्याबरोबर खाली गेला होता. वर आल्यावर तो म्हणाला की साहेब, पोवळी पूर्वीपेक्षा जरा उतरल्यासारखी वाटतात. साहेबांनी त्याला होडीतच धडा दिला. डोळ्याने बघायचं नसतं, पट्टीने बघायचं असतं. डोळा काल काय बघितलं ते विसरतो. मेकॅनिकने मुकाट्याने इंजिन सुरू केलं आणि संध्याकाळी जेवताना बाकीच्यांना सांगितलं की बाबांनो, आजपासून भूक लागली की नाही तेही पट्टी लावूनच बघा.

*

साहेबांना जगात एकच माणूस बरोबरीचं वाटायचं, आणि ते माणूस समुद्राच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथेही असंच एक राखीव क्षेत्र होतं, असंच आडबाजूचं, आणि त्याची व्यवस्था एक बाई बघायच्या. बारा वर्षांपूर्वी एका मोठ्या सभागृहात अशा दूरदूरच्या समुद्रांच्या व्यवस्थापकांना एकत्र बोलावलं होतं आणि त्यांच्या जोड्या लावून दिल्या होत्या. दोघांनी एकमेकांना अनुभव सांगायचे, पद्धती द्यायच्या, एकाच तऱ्हेने मोजायचं, म्हणजे आकडे शेजारी ठेवून बघता येतील. करारावर सह्या झाल्या त्या दिवशी साहेब आणि बाई शेजारी बसले होते. भाषणं चालू असताना दोघांनाही थंड हवेत डुलकी लागली आणि टाळ्यांनी दोघंही एकदमच दचकून जागे झाले. मैत्री तिथेच झाली. पुन्हा काही ते भेटले नाहीत.

पण दर दुसऱ्या गुरुवारी उपग्रहाच्या फोनवर बोलणं व्हायचं. इकडे सकाळचे सात, तिकडे दुपार. आवाज पोचायला दोन सेकंद लागत आणि सुरुवातीला दोघंही एकदम बोलायचे, मग दोघंही एकदम गप्प. शेवटी बाईंनी तोडगा काढला. आपलं बोलून झालं की शेवटी ‘बोला’ म्हणायचं. समोरच्याने ‘बोला’ ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हळूहळू ही सवय एवढी अंगवळणी पडली की सुट्टीवर घरी आल्यावरही साहेब बायकोला म्हणायचे, दूध संपलंय, बोला.

त्या बोलण्यात काय नसायचं? रसदेच्या खोक्यांतून उंदीर बेटावर चढू नयेत म्हणून काय करायचं, परवान्याशिवाय घुसणाऱ्या जहाजाची तक्रार कोणत्या शब्दांत लिहिली म्हणजे वरचे लोक जागे होतात, दोन महिने घरचा आवाज न ऐकलेल्या माणसाशी कसं वागायचं. बाईंच्या ठाण्यावरचा पंप बंद पडला तेव्हा मेकॅनिकने फोनवर दोन तास बसून तो चालू करून दिला होता. साहेबांची आई गेली तेव्हा रसदेची बोट तीन आठवडे दूर होती. त्या वेळी बाईंनी रोज फोन केला. फार काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे किती कासवं चढली ते सांगायच्या आणि ‘बोला’ म्हणायच्या.

आणि मग दोन वर्षं लागोपाठ समुद्र तापला.

बाईंचे आकडे पाचावरून तीनवर आणि तीनवरून दोनवर आले. साहेबांचे पाचावरून चारवर आले आणि तिथेच थांबले. पाणी दोन्हीकडे सारखंच तापलेलं होतं, त्याच्या नोंदी होत्या. मग वरच्या समितीला प्रश्न पडला की एकीकडे पोवळी टिकली आणि दुसरीकडे का मेली? बाईंच्या देखरेखीत काही गफलत झाली का? पाहणी कच्ची आहे का? जोडीदार म्हणून साहेबांचं मत मागवलं. साहेबांनी दोन दिवस विचार करून अगदी जपून एक परिच्छेद लिहिला. बाईंबद्दल वाकडं अक्षर नाही. फक्त शेवटी एक खरं वाक्य, म्हणजे त्यांना खरं वाटलेलं: ‘आमच्याकडे पाणी तेवढेच तापले, तरी पोवळ्यांचा रंग टिकून आहे.’

तेच वाक्य बाईंना आलेल्या नोटिशीत पहिल्या पानावर होतं. पुढच्या बैठकीत त्यांना हटवायचं की ठेवायचं हे ठरणार होतं. बाईंनी फोनवर ते वाक्य वाचून दाखवलं, आणि वर म्हणाल्या, भाऊ, तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही आहे ते लिहिलंत. साहेबांनी त्यांना धीर दिला. आणखी एक सल्लाही दिला, की पुढच्या वेळी माझ्यासारखी एकच पट्टी वापरून बघा. हा सल्ला त्यांनी तोवर आणखी तीन ठाण्यांना दिलेला होता आणि तिघांनीही तो मानला होता.

*

त्यानंतर साहेब सुट्टीवर घरी आले. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पश्चिमेच्या खिडकीला हिरवा पडदा. बायकोने तो धुवायला काढला, तर वाळत घालताना काठ उसवला. ती खिडकीशी खुर्ची ओढून बसली आणि जुनी टीप कात्रीने सोडवू लागली. साहेब समोर पेपर वाचत होते.

"अहो, हे बघा," ती म्हणाली. "आपला पडदा केवढा गडद होता."

काठाची घडी तिने उलगडून धरली होती. आत दुमडलेली चार बोटं पट्टी हिरवीगार, नवीकोरी. तिच्या वरचा अख्खा पडदा वाळक्या गवताच्या रंगाचा.

साहेब म्हणाले की पडदा पहिल्यापासून असाच होता.

"असाच कसा? दुकानात तुम्हीच म्हणालात, फार भडक आहे. रोज डोळ्यांसमोर ना, रंग उडत गेला तसे आपण बघत गेलो."

साहेबांनी पेपर खाली ठेवला. त्यांनी पडद्याचा काठ हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. बायकोला वाटलं, नवा पडदा घ्यायचा विचार करतायत. ती दुकानाचं काहीतरी बोलत राहिली. साहेबांना मात्र लोखंडी कपाटातली न फोडलेली पाकिटं दिसत होती. नऊ पाकिटं, अंधारात ठेवलेली.

त्या रात्री जेवणात त्यांचं लक्ष नाही हे बघून बायकोने खोदून विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, की त्या बाईंची बैठक कधी आहे. पंचवीस दिवसांनी, ते म्हणाले. आधी खात्री करतो. सुट्टीचे बारा दिवस शिल्लक होते. ते टाकून साहेब दुसऱ्याच दिवशी निघाले आणि बंदरावर तेलाच्या एका जहाजाच्या कप्तानाच्या हातापाया पडून त्यांनी जागा मिळवली.

*

बेटावर पोचल्या पोचल्या त्यांनी कपाट उघडलं. या वर्षीचं पाकीट फोडलं आणि टेबलावर नवी पट्टी जुनीच्या शेजारी ठेवली. मेकॅनिक मागे उभा होता. जुन्या पट्टीवरचा सहा नव्या पट्टीवरच्या चारइतका होता. जुना चार नव्या दोनसारखा.

त्याच दुपारी दोघं खाली गेले. नेहमीच्या जागी, नेहमीच्या खुणेच्या लोखंडी खुंटीपाशी साहेबांनी एका हातात जुनी आणि एका हातात नवी पट्टी धरली. जुनी सांगत होती चार. नवी सांगत होती दोन. पुढचं पोवळं, दोन. पुढचं, एक. साहेबांनी पट्ट्या खाली केल्या आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा नुसत्या डोळ्याने आजूबाजूला बघितलं. मासे कमी झाले होते. ज्या कपारीत निळ्या माशांची झुंबड असायची तिथे शेवाळ हलत होतं. हे काल-परवाचं नव्हतं. हे सगळं त्यांच्या देखत झालं होतं, महिन्यातून एकदा, ते डोळ्यांत तेल घालून बघत असताना.

एक आशा होती. दर डुबकीचे फोटो होते. पण फोटोतही तीच पट्टी धरलेली असायची आणि संगणकातला प्रोग्रॅम पट्टीवरच्या सहा चौकोनांना खरं मानून सगळ्या फोटोचा रंग सुधारून घ्यायचा. मूळ फोटो जागा पुरत नाही म्हणून पुसले होते. म्हणजे साक्षीदारही त्या पट्टीनेच पढवलेला. हे ध्यानात आलं तेव्हा साहेब खुर्चीत बसून राहिले, आणि केसांतून पाणी टेबलावर ठिबकत होतं तरी त्यांनी ते पुसलं नाही.

मेकॅनिकने चहा आणून ठेवला. मग दाराशी उभा राहून, स्क्रू घट्ट करावा तसं एकेक वाक्य तो बोलला.

"साहेब, एक सांगू? जुनी पट्टी डुबकीत हातातून सुटली म्हणायचं. आजपासून नवी. आकडा पडेल, पडू दे. यंदा पोवळी गेली म्हणतील. तुमच्या नावाला काही नाही."

"आणि बाई?"

"बाईंचं काय ते त्यांचं नशीब. तुमची नोकरीची दीड वर्षं उरलीत."

साहेबांनी चहा घेतला. मेकॅनिक काही वाईट माणूस नव्हता. साहेबांवर त्याचा जीव होता, म्हणून तर बोलला. आणि तो बोलला ते साहेबांच्याही मनात टेबलापाशी उभं असतानाच येऊन गेलं होतं. येत्या वर्षी सगळ्या ठाण्यांसाठी जे पुस्तक निघणार होतं, त्यात ‘एकच पट्टी’ या पद्धतीवर त्यांच्या नावानिशी दोन पानं होती. कच्चं छापील प्रूफ त्याच टेबलाच्या खणात होतं. मुलाबाळांचा नाही तर नाही, पण एवढ्या वर्षांचा काहीतरी माग राहील असं त्यांना वाटलं होतं.

"तू मला एकदा म्हणाला होतास," साहेब म्हणाले, "पोवळी उतरल्यासारखी वाटतात म्हणून."

"मी काय, गंमतीत म्हणालो असेन."

"गंमतीत नव्हतास."

मेकॅनिकने कप उचलला आणि बाहेर जाताना म्हणाला, "गुरुवार परवा आहे."

*

गुरुवारी सात वाजता साहेबांनी फोन लावला. समोर कागद होता, मुद्दे लिहिलेले, क्रमांक घालून. बाईंचा आवाज आला, नेहमीसारखा. सुट्टी अर्धी टाकून परत कसे आलात, वहिनींशी भांडण झालं की काय, असं काहीबाही विचारून त्या ‘बोला’ म्हणाल्या.

साहेब बोलले. कागद वाचायचा तो वाचलाच नाही. माझ्या पट्टीचा रंग नऊ वर्षांत उडाला. ती बदला असं सांगितलं होतं, मी बदलली नाही. माझे आकडे खोटे आहेत. माझीही पोवळी मेली आहेत, तुमच्याइतकीच. तुमची नोटीस माझ्या वाक्यावर उभी आहे आणि ते वाक्य चूक आहे. मी आजच समितीला लिहितोय, दोन्ही पट्ट्यांचे फोटो जोडतोय. मग ते थांबले. "बाई, चूक माझी आहे. बोला."

दोन सेकंद गेले. मग आणखी दोन. मग बरेच. फोनमध्ये वाऱ्यासारखी घरघर येत होती, म्हणजे लाइन चालू होती.

"नऊ वर्षं," बाई म्हणाल्या.

त्यांनी ‘बोला’ म्हटलं नव्हतं.

"माझ्याकडे एक मुलगी होती पाहणीला. तुम्हाला सांगितलं होतं तिचं. दर वेळी दोन आणायची. मी म्हटलं, भाऊंकडे चार येतंय, तुझ्याकडे दोन कसं? पुन्हा जा. पुन्हा जायची, पुन्हा दोनच आणायची. तिला म्हटलं, तुझा डोळा कच्चा आहे." बाई श्वास घ्यायला थांबल्या. "मागच्या महिन्यात काढलं मी तिला. नोटीस आल्यावर कुणावर तरी ठपका ठेवायला लागतो ना. तिने माझं ऐकून घेतलं आणि बॅग भरली. बोटीत बसेपर्यंत म्हणत होती, बाई, एकदा तुम्ही स्वतः खाली येऊन बघा. मी गेले नाही. तुमचे आकडे होते ना माझ्याकडे."

साहेबांनी कागद घडी केला, उघडला. काहीतरी म्हणावं असं त्यांच्या ओठांवर आलं. पण बाईंनी अजूनही ‘बोला’ म्हटलं नव्हतं, आणि ती रीत पडल्यापासून त्यांनी एकदाही बाईंचं बोलणं मधे तोडलं नव्हतं. ते फोन कानाला लावून बसले. घरघर चालू राहिली. सात वाजून एकोणीस मिनिटांनी लाइन बंद झाली. तिकडून ठेवला की आपोआप तुटला, हे कळायला मार्ग नव्हता.

*

समितीने बाईंची नोटीस मागे घेतली. साहेबांना विचारणा झाली, त्यांनी आहे तसं उत्तर दिलं, आणि शिक्षा म्हणावी असं काही झालं नाही. पुस्तकातली दोन पानं वगळली गेली. जोडीचा करार कागदावर राहिला. बाईंकडून आता दर महिन्याला पत्र येतं, ‘महोदय’ने सुरू होणारं, खाली आकड्यांचा तक्ता. त्या मुलीला परत बोलावलं का, असं साहेबांनी एकदा पत्रात विचारलं होतं. उत्तर आलं की सदर कर्मचाऱ्याने पुन्हा रुजू होण्यास नकार कळवला आहे.

बाकीची तीन ठाणी उरली होती. साहेबांनी तिन्हीकडे स्वतः फोन केला. पत्राने भागलं असतं, पण सल्ला तोंडाने दिला होता. पहिल्याने शिव्या घातल्या. दुसरा हसला आणि म्हणाला, जाऊ द्या हो, आकडे वाचतंय कोण. ते साहेबांना शिव्यांपेक्षा जास्त लागलं. तिसऱ्या ठाण्यावरचा व्यवस्थापक वर्षभरापूर्वीच आलेला होता, भिडस्त, हळू बोलणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग जुनी पट्टी फेकून देऊ का?

"फेकू नका," साहेब म्हणाले. "नवीच्या शेजारी ठेवून रंग किती उडालाय ते मोजा. निदान आजची चूक केवढी ते कळेल."

"आणि मधल्या वर्षांची?"

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. मेकॅनिक होडीत टाक्या चढवत होता. महिन्याची पाहणी होती.

"ती नाही कळणार," ते म्हणाले. मग सवयीने म्हणाले, "बोला."

पलीकडच्या माणसाला त्याचा अर्थ माहीत नव्हता. तो म्हणाला, "नाही, माझं झालं बोलून," आणि त्याने फोन ठेवला. साहेबांनी कपाटातून नवी पट्टी काढली, पाकिटावर तारीख घातली, आणि होडीकडे निघाले.